केरसुणी कोणाच्या हाती?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्या घरांतून एक लहानसा विधी न चुकता होत असतो. बाजारातून नवी केरसुणी आणावयाची, तिला हळदकुंकू वाहावयाचे आणि लक्ष्मी मानून तिला हात जोडावयाचे. इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर, बडोदे, जेथे जेथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, तेथे तेथे त्यांनी ही चाल आपल्याबरोबर नेली. खंडेनवमीची गोष्टही अशीच. त्या दिवशी तलवारीच्या शेजारी सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री आणि शिवणयंत्र मांडले जाते. कोठे लेखणी आणि हिशेबाच्या वह्या मांडतात, तर कोठे दारातल्या स्कूटरला झेंडूचा हार घालतात. एरवी देव्हाऱ्यात शोधला जाणारा देव त्या दिवशी आपण रोजच्या हत्यारात पाहतो.

ही दृष्टी आपल्याला संतांनी दिली. संतवाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्याच्या प्रथम लक्षात येते ते हे की, या थोर मंडळींनी आपापला धंदा देवाच्या दाराबाहेर ठेवला नाही. नामदेवांनी कात्री, सुई आणि दोरा आत नेला, गोरोबांनी चिखल आणि चाक नेले, सेना न्हाव्याने आरसा आणि वस्तरा नेला, नरहरी सोनाराने बागेसरी आणि हातोडी नेली. अरणच्या सावतोबांना मळ्यातून हलण्यास फुरसत नव्हती. त्यांनी पाटाचे पाणी आणि भाजीचे वाफे यांतच पंढरी पाहिली. त्याची आठवण वारकऱ्यांनी मोठ्या गोड रीतीने जपली आहे. इतर संतांच्या पालख्या पंढरपुरास जातात. सावतोबांच्या भेटीस मात्र पांडुरंगाचीच पालखी अरणला येते. मळा सोडून भक्ताला येता येत नसेल, तर देवाने चार पावले चालावीत, असा तो लोकमानसाचा निवाडा आहे.

या साऱ्यामागील विचार नवा नव्हता. गीतेच्या अठराव्या अध्यायात तो बीजरूपाने आहे. आपल्या वाट्याला आलेल्या कर्मानेच परमेश्वराची पूजा करावी, असे तेथे सांगितले आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवाशास ज्ञानेश्वरांनी त्याचा विस्तार केला, तेव्हा त्यांनी आपल्या कर्मांनाच पूजेची फुले मानले. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. त्यांत विनोबांनी ‘विकर्म’ या शब्दाचा अर्थ आपल्या पद्धतीने उलगडला. हात जे बाहेर करतात ते कर्म आणि मन त्यात ओतले जाते ते विकर्म. या दोहोंची सांगड पडली म्हणजे कामाचे ओझे उरत नाही.

हे तत्त्व पाहावयास फार लांब जावे लागत नाही. म्हाताऱ्या आईला औषधाची गोळी नुसती पुढे करता येते आणि कोमट पाण्याचा पेला हातात देऊन, ती गिळेपर्यंत शेजारी बसताही येते. कर्म एकच, पण दुसऱ्या प्रकारात त्याची पूजा झाली. हजेरीपटावर मुलाचे नाव कसेबसे खरडता येते आणि त्याच्या आईबापांनी ठेवलेले नाव अचूक लिहिता येते. या साध्या अचूकपणाचे मोल किती, हे पुढे दाखल्यावरील एका चुकीच्या काना-मात्रेपायी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविणाऱ्यांना विचारावे. नाथांच्या चरित्रात एक कथा सांगतात. देवगिरीस गुरू जनार्दनस्वामींच्या सेवेत असता हिशेबात एका पैची चूक येत होती. ती शोधण्यात एकनाथांनी रात्र घालविली आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजविली. हीच तल्लीनता ईश्वराकडे लागली तर काय होणार नाही, असे स्वामींना वाटले. या कथेतून एकाग्रतेचा उपदेश नेहमी काढला जातो, तो योग्यच आहे. मला तिच्यात आणखीही एक गोष्ट दिसते. ती चूक शोधण्याची आज्ञा कोणी केल्याचे कथेत नाही. ती तळमळ नाथांची स्वतःची होती.

हे आज मुद्दाम लिहिण्याचे कारण म्हणजे एका भगिनीचे पत्र. घरी सासू-सासरे, दोन मुले आणि स्वतःची नोकरी. पहाटे पाच वाजता त्यांचा दिवस सुरू होतो. हरिपाठ म्हणावा अशी फार इच्छा; पण निवांत वीस मिनिटे मिळत नाहीत. ही खंत त्यांनी एकदा घरातील एका वडीलधाऱ्यांजवळ बोलून दाखविली. उत्तर मिळाले, “अगं, घरकाम हीच पूजा. जनाबाईने काय केलं? दळता दळताच देव मिळवला ना?” पत्रात पुढे एकच वाक्य आहे. “हे सांगताना ते वर्तमानपत्र वाचीत होते आणि दुसऱ्या चहाची वाट पाहत होते.” शेवटी त्या विचारतात, “घरकाम हीच पूजा असेल, तर या घरात एकट्या मलाच एवढे पुण्य का लागावे?”

प्रश्न वाचून प्रथम हसू आले. मग मात्र बराच वेळ पत्र हातात धरून बसलो. कारण वडीलधाऱ्यांनी सांगितलेले वचन खोटे नव्हते. शास्त्र खरे, दाखला खरा; तरीही ऐकणारीच्या मनाला ते बोचले आणि बोचले ते रास्तच होते. असे का व्हावे?

गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी राबली. दळण, कांडण, झाडलोट, धुणे, शेणी वेचणे ही तिची कामे. तिच्या अभंगांतून ती सारी येतात. पण त्यांतून देव काय करतो, हे आपण नीट ध्यानात घेत नाही. जनीचा विठ्ठल दुरून तिला ‘तू दळीत राहा, तुला मोक्ष मिळेल’ असे सांगत नाही. तो येतो, मांडी घालून समोर बसतो आणि खुंट्याला हात लावतो. तो पाणी भरतो, केर भरून टाकतो. ज्यांनी घरात जाते पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल की, मोठे दळण दोघींनी समोरासमोर बसून, एकाच खुंट्याला हात लावून काढावयाचे असते. एकटीला ते जड जाते. जनीच्या समोरची जागा रिकामी होती आणि त्या जागेवर देव येऊन बसला, अशी तिची अनुभूती आहे. तेव्हा जनाबाईचा दाखला देणाऱ्याने आधी हे ठरवावे की, या गोष्टीत आपली जागा कोणती. जनी तर त्या घरात आधीच आहे. कमी आहे ती समोर येऊन बसणाऱ्याची.

‘माझे काम हीच माझी पूजा’ हे वाक्य सावतोबा बोलले, गोरोबा बोलले, जनाबाई बोलली. प्रत्येकाने ते स्वतःविषयी उच्चारले. त्या वाक्याची सारी थोरवी ‘माझे’ या शब्दात साठली आहे. तेच वाक्य ‘तुझे काम हीच तुझी पूजा’ असे दुसऱ्याला ऐकविले की त्याचा अर्थ पालटतो. व्याकरणात पुरुष बदलला की क्रियापदाचे रूप बदलते, एवढेच आम्ही वर्गात शिकवितो. येथे तर पुरुष बदलताच उपासनेची सक्ती होते. पूजा स्वतःच्या हातून व्हावयाची असते. दुसऱ्याच्या घामावर आपण ‘पूजा’ अशी चिठ्ठी चिकटविली, तर त्यात आपली सोय तेवढी साधते.

या सोयीची किंमत काहींना फार मोठी द्यावी लागली, हे विसरून चालणार नाही. मंगळवेढ्याचे चोखोबा संत होते, नामदेवांचे स्नेही होते, विठ्ठलाचे अनन्य भक्त होते. तरी देवळाच्या पायरीपलीकडे त्यांना प्रवेश नव्हता, आणि गावकीची कामे त्यांना चुकली नाहीत. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले व त्याखाली सापडून चोखोबांचा अंत झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारासमोर समाधी बांधविली, असे परंपरा सांगते. चोखोबांच्या आणि त्यांच्या पत्नी सोयराबाईंच्या रचना वाचाव्यात. त्यांत भक्ती ओतप्रोत आहे. पण ‘आहे हे ठीक आहे’ असे समाधान नाही. तेथे देवाला विचारलेले सडेतोड प्रश्न आहेत, विटाळाच्या कल्पनेचा समाचार आहे. आपल्या वाट्याचे काम त्यांनी केले. पण ते लादणाऱ्यांना त्यांनी पुण्यवान म्हटले नाही. स्वकर्माचा उपदेश जन्माने मिळालेल्या कामाशी माणसाला जखडून ठेवण्यासाठी जेव्हा जेव्हा वापरला गेला, तेव्हा तेव्हा तो संतांच्या हातून निसटून दुसऱ्याच कोणाच्या हाती गेला होता, असे म्हणणे प्राप्त आहे.

आता आपल्या शहराकडे वळू. स्वच्छतेच्या देशव्यापी पाहणीत २०१७ साली इंदूर पहिले आले आणि त्यानंतर तो मान त्याने वर्षानुवर्षे राखला. पाहुणे आले की आपण अभिमानाने त्यांना राजवाडा दाखवितो, रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाऊ घालतो. आपण घरी येऊन झोपतो, तेव्हा त्याच रस्त्यांवर झाडू सुरू होतात. सकाळी कचऱ्याची गाडी गाणे वाजवीत दाराशी येते. या कामगारांविषयी ‘हे खरे कर्मयोगी’ असे भाषणांतून बोलले जाते. बोलण्यास हरकत नाही. पण ती गाडी दाराशी आली की आपली स्वतःची पूजा कितपत होते? ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्यास आपण कंटाळतो की नाही? फुटलेल्या पेल्याची काच कागदात गुंडाळून वेगळी देण्याचे कष्ट घेतो का? नाही घेतले तर ती कोणाच्या बोटात शिरते? उन्हाळ्यात त्या बाईने पाणी मागितले, तर घरातल्याच पेल्यातून देतो, की त्यासाठी ओट्याखाली एक निराळा पेला अजूनही ठेवलेला असतो? मैला वाहून नेण्याच्या प्रथेवर १९९३ च्या आणि नंतर २०१३ च्या कायद्याने बंदी आली. तो निराळा पेला मात्र कोणत्याही कायद्याच्या नजरेस पडत नाही. तो घरातल्यांनाच पाहावा लागतो.

या बाबतीत गेल्या शतकाने दोन मोठे आचार्य दिले. एक गाडगे महाराज. विदर्भातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेला, डोक्यावर गाडगे आणि हातात खराटा घेऊन फिरणारा हा साधू गावात येई तो प्रथम गाव झाडू लागे; कीर्तन रात्री. दिवसा रस्ता झाडताना त्यांनी तोंडाने उपदेश केला नाही आणि रात्री जो उपदेश केला त्याला दिवसाच्या खराट्याचा आधार होता. म्हणूनच आपल्या अशिक्षित श्रोत्यांना कर्ज काढून सण करू नका, देवापुढे मुके जनावर मारू नका, मुलांना शिकवा असे खडसावण्याचा अधिकार त्यांना पोहोचला. पंढरपुरात त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांतील एकीला चोखामेळ्याचे नाव दिले.

दुसरे विनोबा. पवनारजवळच्या सुरगावी ते रोज पायी जात आणि ज्या कामाकडे बघूनही लोक नाक मुरडतात ते मैलासफाईचे काम स्वतः करीत. १९६० साली पदयात्रेत ते आपल्या इंदुरास आले. येथील विसर्जन आश्रम ही त्या काळाची आठवण आहे. गीतेतील कर्मयोग समजावून देणाऱ्या या पंडिताने आपल्या भाष्याचा अखेरचा अध्याय फावड्याने लिहिला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. दोघांनीही ‘सफाई ही पूजा’ असे म्हटले असेल. पण म्हणताना केरसुणी त्यांच्या स्वतःच्या हाती होती.

शाळेतील एक अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. काही वर्षांपूर्वी बदली होऊन एका शाळेत रुजू झालो. तेथे वर्ग झाडण्याची पाळी मुलींकडे आणि बाके हलविण्याचे काम मुलांकडे, अशी जुनी वहिवाट होती. ती मोडून हजेरीपटाच्या क्रमाने पाळ्या लावल्या. आठवडा झाला नाही तोच एका मुलाचे वडील आले. माणूस माळव्यातला, कष्टाळू, बोलण्यात नम्र. पण मनातून दुखावलेला. “साहेब, पोराला शिकायला पाठवलंय, झाडू मारायला नाही,” असे ते आपल्या माळवी बोलीत म्हणाले. त्यांना गाडगेबाबा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या माहितीचे संत घेतले. कबीर विणीत बसत, रैदास जोडे शिवीत, हे त्यांना ठाऊक होते. आमच्याकडच्या नामदेव शिंप्याची एकसष्ट पदे आणि सेना न्हाव्याचे एक पद शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहे, हे सांगितल्यावर त्यांना नवल वाटले. मग विचारले, “आपल्या मुलीची पाळी होती तेव्हा आपण आला नाहीत, ती शिकायला येत नव्हती का?” त्यांची मुलगी त्याच शाळेत दोन वर्ग पुढे होती. ते काही वेळ गप्प राहिले आणि नमस्कार करून निघून गेले. त्यांना पटले असे मी म्हणणार नाही. पण मुलाचे नाव पाळीतून काढा, असे ते पुन्हा म्हणाले नाहीत. त्या मुलानेही वर्ग चांगला झाडला. बाकांखालचा कोपरा तो सोडीत नसे.

आपली मुले आता हिंदी किंवा इंग्रजी शाळांतून शिकतात. मराठी त्यांच्या कानी पडते ती घरात. तीही स्वयंपाकघरात अधिक. जाते, उखळ, मोट, बागेसरी हे शब्द त्यांनी ऐकलेले नसतात आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. शब्द नाहीत म्हणून संतांची शिकवण त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही, अशी चिंता अनेक वडील मंडळी व्यक्त करतात. माझे मत थोडे निराळे आहे. शब्दांचे अर्थ समजावून सांगता येतात. एखादा जुना पाटा दाखविता येतो. पण ‘काम हीच पूजा’ असे म्हणणारे आजोबा स्वतःचे ताट कधी उचलीत नाहीत, हे मूल रोज पाहत असेल, तर त्या वचनाचा अर्थ त्याला कोणत्या शब्दकोशातून सांगावा? मुले कानांपेक्षा डोळ्यांनी अधिक शिकतात, हे अध्यापनशास्त्राच्या पुस्तकात आम्ही पाठ केले होते. घराघरांतून ते रोज सिद्ध होत असते.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला माझे सांगणे एवढेच. ताई, तुमची खंत ही भक्तीतली उणीव समजू नका. आपले काम मन लावून करणे ही पूजा आहे, हे तुम्हांला तुमच्या अनुभवाने वाटले तर जरूर माना. कोणी सांगितले म्हणून मानण्याची गरज नाही. आणि हरिपाठाची वीस मिनिटे मागून घ्या. ती मागण्यात संकोच कसला? चहा ज्याला हवा त्याने तेवढा वेळ आधणाकडे लक्ष द्यावे. तीही पूजाच आहे आणि तिचे पुण्य थोडे इतरांनाही लाभू द्यावे.

पुढच्या महिन्यात आषाढी एकादशी येत आहे. ज्यांना वारीला जाणे शक्य नाही ते आपल्या पंढरीनाथाच्या देवळात जाऊन दर्शन घेतील. त्या दिवशी बहुतेक घरांत उपवास असतो, आणि उपवास म्हटला की स्वयंपाकघरातले काम दुप्पट होते, हा आपल्या संस्कृतीचा एक विनोदच आहे. साबुदाणा भिजवावयाचा, दाणे भाजून कुटावयाचे, बटाटे उकडावयाचे, वऱ्याचे तांदूळ शिजवावयाचे. आणि ज्यांचा उपवास नाही त्यांचा वरणभात वेगळा. हे सारे बहुधा एकच व्यक्ती करते आणि तिचाही उपवास असतो. तेव्हा या एकादशीपुरती एक सूचना करतो. ज्याचा उपवास त्याने आपल्या वाट्याचे दाणे स्वतः सोलावेत, बटाटे स्वतः कुसकरावेत आणि फराळानंतर आपली ताटली घासून पालथी घालावी. घरातील पुरुषांनी आणि मुलांनी प्रथम पुढे व्हावे. दाण्यांची फोलपाटे उडून ओटाभर पसरतील. ती झाडावयाची केरसुणी कोठे असते, हेही त्यानिमित्ताने त्यांना समजेल.